शपथेवर पुसलेलं नाव

माझ्या लग्नाला सगळा शनवारा, म्हणजे बऱ्हाणपुरातली आमची अख्खी पेठ, जेवून गेला होता, तरी मी माझ्या नवऱ्याची बायको आहे हे मला सरकारपुढे सिद्ध करावं लागलं. एकदा नाही, दोनदा. आणि ज्या सरकारला ते पटवायचं, ते समुद्रापलीकडचं, आफ्रिकेतलं. त्याने बऱ्हाणपूर कधी पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हतं. हे लिहायला बसले तर नातसून म्हणते, आजी, जरा शांतपणे लिहा. शांतपणे कसं लिहू? तेव्हा तोंड मिटून बसले तेच पुष्कळ झालं.

नावं मी कोणाचीच घेणार नाही. यांचं तर आयुष्यभर घेतलं नाही, आता कुठे घेऊ. पण माझीही दोन नावं होती, आणि ही सगळी हकीकत त्या दोन नावांचीच असूनही ती मी इथे लिहीत नाही. कागदावर चढून त्यांनी आमची जी फरफट केली तेवढी बस झाली. एक माहेरचं नाव आणि एक सासरचं, एवढं वाचणाऱ्याने लक्षात ठेवलं तरी भागेल.

माहेरचं नाव बाबांनी ठेवलेलं. ते त्यांच्या आईचं नाव. ती बाबा रांगत होते तेव्हाच गेली, त्यामुळे आईला आई म्हणून हाक मारायचं सुख त्यांना मिळालंच नव्हतं. ती सगळी हौस त्यांनी माझ्यावर फेडली. बाबा मराठी शाळेत मास्तर होते. शाळेतून आले की चपला काढायच्या आधी ओट्यावरूनच माझ्या नावाने हाक. पाणी पाहिजे, हाक. चष्मा सापडत नाही, हाक, आणि चष्मा कपाळावर. आई चिडवायची, म्हणायची की यांना काही नको असतं, नुसतं नाव घ्यायचं असतं. बाबा म्हणत, मंग? माझी मुलगी आहे, घेतो.

मला देडतलाई गावातल्या घरात दिलं. सासरी कापसाची शेती, जोडीला लहानसं किराण्याचं दुकान. वऱ्हाड परतल्यावर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, आणि यांनी अंगठीने त्या तांदळावर माझं नवीन नाव लिहिलं. ते सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलेलं, त्यांच्या कुळदेवीचं. त्या दिवसापासून देडतलाईत मी त्या नावाची झाले आणि शनवाऱ्यात जुन्याच नावाची राहिले. यात कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. सगळ्याच पोरींचं तसं. माहेरी आलं की जुनं नाव, सासरी गेलं की नवं, जशी पायातली चप्पल उंबऱ्यापाशी बदलावी तसं. माहेरच्या माणसाने मुलीला सासरच्या नावाने हाक मारणं म्हणजे तिला परकी केल्यासारखं. बाबांनी तर ते नाव तोंडातून काढायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं. सासूबाईंशी बोलतानासुद्धा ‘आमची’ म्हणून वेळ मारून न्यायचे.

हे आफ्रिकेत नोकरीला होते. सुरतेच्या एका कापडवाल्या शेटजींचं डर्बनला दुकान होतं. हे मिसरूड फुटायच्या आत काकांबरोबर तिथे गेलेले, तिथेच हिशेब शिकले, दुकान सांभाळू लागले. लग्नासाठी म्हणून मुदतीवर आले होते. ती मुदत हा मोठा जाच. ठरावीक काळाच्या आत परत गेलं नाही तर तिथे राहायचा हक्कच जायचा. म्हणून हळद पुरती उतरायच्या आत, असं म्हणावं इतक्या लवकर, हे निघून गेले. मला ते आवडायचे. असं लिहायला आमच्या पिढीला लाज वाटते, पण लिहिते. मी फणकाऱ्याने काही बोलले की हे खाली मान घालून हसायचे, आणि माझा राग तिथेच विरायचा. जाताना म्हणाले, कागद तयार झाले की लगेच बोलावतो. कागद म्हणजे काय, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

ते यांच्या पत्रांतून हळूहळू कळलं. तिकडे गोऱ्यांचं राज्य. उसाच्या शेतात राबायला आपली माणसं त्यांनीच नेली. माणसं टिकली, दुकानं घालून बसली, मग ती डोळ्यात सलायला लागली. कायदा झाला की यापुढे आशियातला नवा माणूस येऊ द्यायचा नाही. आधीपासून आहेत ते राहोत, त्यांची एक बायको आणि लहान मुलं येवोत, तीसुद्धा दाखला असेल तर. मधली काही वर्षं तर आपलं सप्तपदीचं लग्न त्यांच्या लेखी लग्नच नव्हतं. पुढे भांडाभांड झाली, माणसं तुरुंगात गेली, तेव्हा कुठे एक बायको मान्य झाली. पण ती खरी बायको कशावरून? कोणी पुतणीला बायको म्हणून आणतो, कोणी शेजाऱ्याच्या मुलीला. आणत असतीलही, दार बंद केलं की माणसं खिडकी शोधतात. पण एकाने तसं केलं म्हणून सगळ्याच काळ्या माणसांच्या बायका खोट्या धरायच्या, हा कोणता न्याय? इथे राजा तोच, तिथेही राजा तोच, पैशावर मुंडकं त्याचंच. आणि त्याच्याच एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाताना मी चोर.

दाखला बऱ्हाणपूरच्या तहसिलीतून निघायचा होता. यांनी तिकडून अर्ज पाठवला, त्यात अर्थातच माझं सासरचं नाव. तहसीलदारांनी चौकशी करायची, लग्न खरं का ते विचारायचं, माझा फोटो आणि दहाही बोटांचे ठसे जोडून सगळं वर पाठवायचं. फोटोपर्यंत ठीक होतं. बोटांचे ठसे म्हटल्यावर आईने डोक्याला हात लावला. आमच्याकडे बोटांचे ठसे तुरुंगातल्या माणसांचे घेत.

शाई आणि ते काम जाणणारा हवालदार पोलीस ठाण्यात, म्हणून आम्हाला तिथे पाठवलं. ओसरीवर माझ्या आधी एक पारधीण बसली होती. कडेवर मूल. सरकारने तेव्हा काही जातींच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यात हे लोक. गाव सोडायचं तर ठाण्यावर हजेरी आणि ठसे. आईने मला पदराला धरून मागे ओढलं, तिच्याशी शिवाशिव नको म्हणून. पण शाईची पाटी एकच होती. तिची बोटं उठली की त्याच शाईत माझी बुडणार होती. पारधिणीने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. माझं नऊवारी, नाकातली चमकी, बाजूला टोपी-उपरणं घातलेले मास्तर.

“तू काय केलं?” तिने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, नवऱ्याकडे चालले.

“मी बी काही नाही केलं,” ती म्हणाली आणि बोटं पुसायला तिने मुलाचंच अंगडं घेतलं.

घरी आल्यावर आईने चिंच लावून, राख लावून माझी बोटं चोळचोळ चोळली. शाई नखांच्या कडांत राहिलीच. बाबा ओट्यावर बसून होते. मला तेव्हा पारधिणीच्या शेजारी बसावं लागलं याचा संताप होता. ती आणि मी एकाच कारणाने तिथे होतो हे कळायला मला आफ्रिका पाहावी लागली.

तहसिलीतली चौकशी मात्र अगदी घरगुती झाली. तहसीलदार वऱ्हाडातले, बोलायला गोड, बाबांना मास्तर मास्तर करणारे. लग्न लावणारे भटजी झाले, माझे थोरले दीर झाले, मग बाबांना पुढे बोलावलं. ईश्वराला स्मरून खरं सांगेन वगैरे झालं. प्रश्न आला, मुलीचं नाव काय? बाबांनी क्षणाचाही विचार न करता माहेरचं नाव सांगितलं. सांगताना नेहमीसारखा आवाज थोडा चढला सुद्धा. लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर केली. तो बाबांचाच जुना विद्यार्थी. तहसीलदार हसून म्हणाले की मास्तर, अर्जात तर दुसरंच नाव आहे. बाबा म्हणाले की ते त्यांनी ठेवलेलं आहे, मी शपथ घेतली आहे, मला माझ्या मुलीचं नाव विचाराल तर हेच. त्यावर तहसीलदार म्हणाले, बरोबर आहे, आमच्या सासऱ्यांना माझ्या बायकोचं आमच्या घरचं नाव अजून पाठ नाही. सगळे हसले. मीसुद्धा दाराआड पदर तोंडाला लावून हसले. कारकुनाने बाबांनी सांगितलं ते लिहून घेतलं. ताटात तांदूळ पसरून नाव लिहितात, हे खोलीतल्या एकूण एक माणसाला माहीत होतं, म्हणून ते कागदावर लिहावं असं एकालाही सुचलं नाही.

कागद खांडव्याला गेले, तिथून नागपूरला, मुंबईला, मग आगबोटीने तिकडे. मी देडतलाईत पेटी भरून बसले. सासूबाई रोज विचारत, पत्र आलं का गं. भर पावसाळ्यात आलं, ते यांचं. अक्षर बघूनच मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. डर्बनच्या अधिकाऱ्याने यांना कचेरीत बोलावून विचारलं होतं की तू कोणाची मुलगी आणतो आहेस? अर्जातल्या बाईचं नाव एक, आणि बाप शपथेवर म्हणतो की माझ्या मुलीचं नाव वेगळंच. म्हणजे तुझं लग्न झालं ती बापाची मुलगी निराळी आणि ही दुसरीच कोणी. यांनी रिवाज सांगितला. अधिकारी म्हणाला, तुम्हा लोकांकडे प्रत्येक लबाडीला एक रिवाज असतो. आणि वर बजावलं की फेरचौकशीत लबाडी सिद्ध झाली तर बायको राहिली बाजूला, यांचाच तिथे राहायचा हक्क काढून घेऊ.

आता नुसतं माझं जाणं अडलं नव्हतं. यांचं उभं आयुष्य तिथे होतं, कामधंदा तिथे, तोही जायचा. सासूबाईंनी मला रागाने काही म्हटलं नाही, पण हा घोळ निस्तरेपर्यंत माहेरी राहा म्हणाल्या. मी शनवाऱ्यात आले. गल्लीतल्या बायकांना विषयच मिळाला. पाण्याला गेलं की विचारपूस, की जावईबापूंनी तिकडे कोणी ठेवली तर नाही ना, तशा बातम्या येतात बाई. मी तडकून उत्तर द्यायची आणि घरी येऊन रडायची. बाबा माझ्या नावाने हाक मारायचे आणि मला पहिल्यांदाच त्या हाकेची चीड यायची. वाटायचं, या नावापायीच सगळं झालं. तसं मी त्यांना कधी बोलले नाही. पण त्यांना ते दिसत असणार, मास्तर होते ते.

फेरचौकशीचा हुकूम आला. या वेळी खांडव्याच्या गोऱ्या साहेबाने स्वतः बापाला विचारायचं, आणि काय विचारायचं ते प्रश्न तिकडूनच आलेले. तहसीलदार एका रविवारी सकाळी आपण होऊन आमच्याकडे आले. चहा घेतला, मग कप खाली ठेवून हळूच सांगितलं. रिवाजाबद्दल त्यांनी साहेबाला समजावलं होतं, साहेबाला तो पटलाही होता. पण तिकडचं म्हणणं होतं की रिवाज हा पुरावा नाही. कागदावर बाई एक आणि नाव एक पाहिजे. प्रश्नही तसाच होता, की त्या दुसऱ्या नावाची मुलगी तुम्हाला आहे का, किंवा कधी होती का? उत्तर हो आलं तर दोन मुली धरल्या जाणार आणि दाखला कायमचा बुडणार. नाही आलं तर मागचं उत्तर कारकुनाची चूक म्हणून तहसीलदार सांभाळून घेणार.

बाबांनी पानाचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले की साहेब, मी पोरांना छडी मारतो ती दोनच गोष्टींसाठी, एक खोटं बोलला तर आणि एक खोटी शपथ घेतली तर. तहसीलदार म्हणाले, म्हणूनच आधी सांगायला आलो. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, पोरीकडे बघा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तहसीलदारांना पान दिलं आणि रस्त्यापर्यंत पोचवायला गेले.

त्या आठवड्यात घरात कोणी नीट जेवलं नाही. मी काय म्हणावं ते मला कळत नव्हतं. मला जायचं होतं. मला यांच्याकडे जायचं होतं. त्या नावाला बाबांनी नाही म्हणावं असं वाटायचं, आणि ते नाही म्हणतील ही कल्पनाही सोसवायची नाही. मी देवापुढे बसून काय मागायचं तेच ठरवू शकले नाही.

डाक बंगल्यात साहेब टेबलाशी बसला होता. तापाने नुकताच उठल्यासारखा, डोळ्यांखाली काळं. दुष्ट वगैरे नव्हता. आम्हाला बसायला खुर्च्या देवविल्या. तहसीलदार बाजूला उभे. मला दाराशी, उजेडात उभं केलं, फोटोशी चेहरा ताडून बघितला. मग बाबांची शपथ झाली. पहिला प्रश्न विचारायच्या आधी बाबा म्हणाले की मला एक विचारायचं आहे. साहेबाने मान हलवली. बाबांनी विचारलं की तुमच्याकडे मुलगी लग्न झाल्यावर नवऱ्याचं नाव लावते. ती आफ्रिकेच्या बंदरात उतरते तेव्हा तिलाही विचारतात का, की बापाच्या नावाची ती मुलगी कुठे गेली?

साहेब चिडला नाही. कागदांकडे बघत राहिला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “मेमसाहब को दाखला नहीं लगता, मास्टर.”

एवढंच. त्यात घमेंड नव्हती. असली असती तर बरं झालं असतं. निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. इतका मोठा अन्याय, आणि तो सांगणारा माणूस आपल्याच कागदांना कंटाळलेला. त्याने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. लग्न कुठे झालं, मुहूर्त कोणी काढला, जावई कधी गेले. बाबा उत्तरं देत होते. मग त्याने माझ्याकडे बोट केलं आणि सासरचं नाव वाचून विचारलं, ही या नावाची तुमची मुलगी? बाबा म्हणाले, हो, मुलगी माझी. नाव ते बोलले नाहीत. साहेबाने पान उलटलं आणि माझं माहेरचं नाव वाचलं. त्याच्या तोंडी ते वेडंवाकडं झालं होतं, पण ते तेच होतं.

“इस नाम की कोई लड़की आपको है? या थी?”

बाबांनी आता माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मी मान हलवीन, हो किंवा नाही काहीतरी. मी हलवली नाही. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले.

“नाही,” बाबा म्हणाले. “या नावाची मुलगी मला नाही. कधी नव्हती.”

साहेबाने लिहून घेतलं. मागच्या उत्तराबद्दल तहसीलदारांनी कारकुनाची चूक सांगितली. बाबांनी सही केली. त्यांचं अक्षर सुरेख होतं, शाळेत पोरं त्यावरून गिरवायची. बाहेर आल्यावर मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण भर रस्त्यात कसं पडणार. आम्ही दोघं शनवाऱ्यापर्यंत पायी आलो, मी चार पावलं मागे. त्या कारकुनाला पुढे ताकीद मिळाली. बाबा त्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागून आले, तो बिचारा त्यांनाच वाकून नमस्कार करत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेतून आले, ओट्यावर चपला काढल्या आणि आत येऊन स्वतःच माठातलं पाणी घेतलं. हाक आली नाही. मला वाटलं विसरले. तिसऱ्या दिवशीही नाही. काही सांगायचं झालं तर ‘अगं’ म्हणत, फार तर ‘बेटा’. कधी आईला सांगत, तिला म्हणावं पंचा आण. मी समोर बसलेली. शेवटी आईचा तोल गेला. म्हणाली, सरकार काय दाराला कान लावून बसलंय का? घरात काय होतं नाव घ्यायला? बाबा म्हणाले, “ईश्वराला स्मरून नाही म्हटलं. आता चार भिंतींत हो म्हटलं तर ती शपथ नुसती काम साधायची युक्ती झाली. मग पोरांना काय शिकवू?” आई म्हणाली, मंग दुसरं नाव घ्या. ते उठून बाहेर गेले.

ते नाव त्यांना घेता येत नव्हतं. ती सगळी त्यांची जिद्द नव्हती, हे मला आता कळतं. तेव्हा मला राग येई. एवढं माझ्यासाठी केलं आणि आता मला बिननावाची करून बसलेत, असं वाटे. मी जुन्या हाकेची वाट पाहायची. चष्मा त्यांच्या कपाळावर दिसला की मी मुद्दाम जवळून जायची. ते चष्मा नसल्यासारखं चाचपडत, सापडला की गप्प बसत.

दाखला आला. कागदावर बाई एक, नाव एक. सासूबाई स्वतः देडतलाईहून लुगडं घेऊन आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी बोटं मोडली आणि त्याच दिवशी परत गेल्या. थोरले दीर मुंबईपर्यंत सोडणार, तिथून पुढे शेटजींच्या घरच्या बायकांची सोबत. आईने मेतकूट, लोणचं, मसाल्याची पुरचुंडी बांधून दिली. बऱ्हाणपूरचं स्टेशन गावाबाहेर लालबागेत, तिथे टांग्याने गेलो. बाबा पुढे टांगेवाल्याजवळ बसले होते, मला त्यांची पाठ दिसत होती. फलाटावर मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो पुष्कळ वेळ उचलला नाही, आणि म्हणाले, सांभाळून राहा. बस. मी डब्यात चढले. दीर सामान लावत होते. आई खिडकीशी येऊन रडत होती, गाडी हलली तसा तिचा हात सुटला. मी तोंड आत वळवलं, कारण आणखी बघवत नव्हतं. बायकांचे आवाज, फेरीवाल्यांचे आवाज, कोणीतरी कोणाला तरी हाका मारतंय, असं सगळं मागे पडत गेलं.

डर्बनच्या बंदरात गोऱ्या अधिकाऱ्याने माझा कागद एकदा पाहिला, माझ्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा शाई लावून बोटं टेकवायला लावली आणि ठप्पा मारला. पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. कठड्यापलीकडे हे उभे होते. त्यांनी मला सासरच्या नावाने हाक मारली आणि मी धावले. यांच्या तोंडी ते नाव मला गोड लागायचं, त्यात खोटं काही नाही. संसार तिथेच झाला, मुलं तिथेच झाली. सुखदुःखं सगळ्यांची असतात तशी. गावी यायचं म्हटलं की पुन्हा मुदत, पुन्हा कागद, पुन्हा बोटं. त्यामुळे येणं लांबत गेलं.

बाबा गेल्याचं आईच्या पत्राने कळलं. आईला लिहिता येत नव्हतं, तिने तो ताकीद मिळालेला कारकून होता त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. दुखणं काय झालं, शेवटी काय बोलले, सगळं होतं. आणि खाली हे होतं. तिने लिहवलं होतं की ते होते तोवर तुला सांगायचं नाही अशी मला तंबी होती, आता सांगते. तू जायच्या आधी रोज पहाटे तुळशीला पाणी घालताना ते काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं स्तोत्र म्हणतात. एकदा मागे जाऊन ऐकलं, तर तुझं सासरचं नाव. एकच नाव, पुन्हा पुन्हा. मला बघून लाजले, म्हणाले, सवय करतोय, गाडी सुटताना तरी पोरीला नावाने हाक मारली पाहिजे. आणि मारली. गाडी हलल्यावर फलाटाच्या टोकापर्यंत धावत गेले, हाका मारत. तू वळली नाहीस. घरी आल्यावर म्हणाले की रागावली असेल, मी तिला शपथेवर नाकारलं, तिचं बरोबर आहे. तेच त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं.

मी रागावले नव्हते. ती हाक मला ऐकू आली होती. पण त्या फलाटावर मला सासरच्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. दीर भावजयीला नावाने बोलावत नाहीत, आणि बाबांच्या आवाजात ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. कोणीतरी म्हातारा आपल्या मुलीला शोधतोय असं वाटलं मला, आणि पदर सारखा करून मी माझ्या जागेवर बसून राहिले.